आधी नेटवर्कनं आपली ओळख द्यावी



२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ईमेल येऊन पडला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो थेट नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीत येऊन थांबला. तिथं राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा या कटाशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरातलं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी बाहेरून ते वापरून गेलं होतं. महिनाभरानं, २३ ऑगस्टला, तसाच ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून निघाला होता.

तिन्ही वेळा तपास अचूक जागी पोचला आणि तिन्ही वेळा त्या जागी निरपराध माणसं होती. आयपी पत्त्यानं जागा सांगितली. तिथं बसून बटण कुणी दाबलं हे सांगायची सोयच त्या नेटवर्कमध्ये नव्हती. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली, फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय ग्राहकांची ओळख केंद्रीय पद्धतीनं पटवून घ्यायला सांगितलं, आणि आपण सगळ्यांनी आपापल्या राउटरला पासवर्ड लावले. आपण तिथंच थांबलो, ही माझी तक्रार आहे आणि तीच मांडायला मी आज इथं उभा आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेला आपण दरवर्षी जमतो ते सर पदार्थविज्ञान शिकवायचे. रोज जी वस्तू वापरतो ती आतून कशी चालते हे वापरणाऱ्याला कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तो धरूनच संस्थेच्या वायफायसारखा कोरडा वाटणारा विषय मी या सभागृहात आणला आहे. मी अनेक वर्षं अभियांत्रिकी शिकवलं आणि त्याबरोबर महाविद्यालयांची, रुग्णालयांची नेटवर्कं उभी करण्यात हात घातला. समोर शाळांचे विश्वस्त आहेत, सहकारी बँकांचे संचालक आहेत, डॉक्टर आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या संस्थेत वायफाय आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा पासवर्ड एकच आहे, सगळ्यांना ठाऊक आहे.

घराला असा एक पासवर्ड पुरतो. संस्थेला का पुरत नाही, ते त्याच्या पोटात शिरल्यावर कळतं. आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा तो पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन त्यांच्यावर एकच गणिती प्रक्रिया ४,०९६ वेळा केली जाते आणि मूळ किल्ली तयार होते. पासवर्ड सगळ्यांचा एकच, म्हणून मूळ किल्लीही सगळ्यांची एकच. जोडलं जाताना प्रत्येक फोन चार संदेशांची देवाणघेवाण करून त्या वेळेपुरती स्वतःची वेगळी किल्ली बनवतो हे खरं. पण ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्यानं ते चार संदेश हवेतून टिपले आहेत, त्याला तुमची ती किल्लीही हिशेबानं काढता येते. म्हणजे रुग्णालयात ज्या पाहुण्याला सौजन्यानं पासवर्ड दिला, तो पलीकडच्या टेबलावरच्या डॉक्टरांचं नेटवर्कवरचं जाणंयेणं उलगडू शकतो. आज बऱ्याच वेबसाइटी स्वतःचं कूटलेखन करतात म्हणून सगळंच उघडं पडत नाही. पण संस्थेच्या आतले जुने प्रिंटर, जुनी बिलिंगची सॉफ्टवेअरं, फाइलींचे सर्व्हर यांच्याकडे असं कवच क्वचितच असतं. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३ या नव्या वायफाय सुरक्षा पद्धतीनं ही विशिष्ट फट बुजवली. आत आलेला माणूस कोण, हा प्रश्न मात्र सामाईक पासवर्डाला तिथंही सोडवता येत नाही.

दुसरी अडचण गणिताची नाही, माणसांची आहे. एखादा कारकून नोकरी सोडतो, एखाद्या कंत्राटदाराचं काम संपतं. त्यांच्या फोनमध्ये पासवर्ड राहतो. तो काढायचा तर सगळ्यांचा बदलावा लागतो, प्रत्येक लॅपटॉपवर, प्रत्येक प्रिंटरवर. तेवढा वेळ कुणालाच नसतो, म्हणून तो बदलला जात नाही. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेला तोच पासवर्ड मी डोळ्यांनी पाहिला आहे.

निष्काळजीपणाची किंमत काय पडते हे अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीनं दाखवून दिलं. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं तेव्हा त्याबरोबर वेप नावाचं कूटलेखन आलं. त्यात प्रत्येक संदेशाबरोबर बदलणारा आकडा अवघा २४ बिटांचा होता, म्हणजे वर्दळीच्या नेटवर्कवर तो थोड्याच वेळात पुन्हा पुन्हा यायचा. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यामागच्या आरसी-४ पद्धतीतलं दुबळेपण कागदावर मांडलं. २००३ मध्ये पर्याय म्हणून डब्ल्यूपीए बाजारात आलं होतं. तरीही २००५ मध्ये टीजेएक्सच्या दुकानांत वेपच चालू होतं. चोरांनी दुकानाबाहेर गाडीत बसून ते फोडलं, तिथून कंपनीच्या मुख्य यंत्रणेत शिरले, आणि २००७ मध्ये प्रकरण उघड झालं तोवर किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे तपशील गेले होते. टोळीच्या म्होरक्याला, आल्बर्ट गोन्झालेझला, २०१० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. कार्डांचे ते तपशील मात्र कोणत्याही शिक्षेनं परत येणार नव्हते.

संस्थांसाठीचा योग्य रस्ता तेव्हाही आखलेला होता. त्याचं मानक ८०२.१एक्स, साल २००१. मुळात ते तारेच्या जोडणीसाठी बनलं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये कुणीही वायर खोचली तरी ओळख पटेपर्यंत ते सॉकेट मुकं राहावं, ही त्यामागची कल्पना. वायफायला तीच हवी होती, कारण हवेला तर भिंतही नसते. जून २००४ मध्ये वायफाय सुरक्षेचं नवं मानक मंजूर झालं, बाजारात ज्याला आपण डब्ल्यूपीए-२ म्हणतो, आणि त्याच्या ‘एंटरप्राइझ’ प्रकारात ही पद्धत बसवली गेली.

यात तीन पक्ष असतात. पहिला तुमचा लॅपटॉप किंवा फोन. दुसरा छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट. तिसरा, आतल्या खोलीत बसलेला ओळख तपासणारा सर्व्हर, ज्याला रेडियस म्हणतात. मोठ्या सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन पाहुण्याला ओळखत नाही. तो इंटरकॉमवर वर विचारतो, वरून हो आलं की फाटक उघडतो. ॲक्सेस पॉइंटचं काम नेमकं तेवढंच. त्याच्याकडे कुणाचा पासवर्ड नसतो, यादी नसते. तो फोनचे संदेश रेडियसकडे पोचवतो आणि उत्तराची वाट पाहतो. तोवर फोनला ओळखीच्या संभाषणाखेरीज दुसरं काहीही पाठवता येत नाही.

रेडियस वायफायहून वयानं मोठा आहे. मोडेमच्या शिट्ट्या ऐकत इंटरनेट जोडायचे दिवस ज्यांना आठवतात त्यांच्या काळातला. टेलिफोनवरून शेकडो लोक आत येणार, त्यांची नावं प्रत्येक मोडेमच्या डब्यात कशी ठेवायची, म्हणून अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन कंपनीनं ती एका जागी ठेवायची पद्धत काढली. १९९७ मध्ये तिचा तपशील सगळ्यांसाठी प्रसिद्ध झाला. पूर्वी टेलिफोनवरून येणाऱ्याला जी यंत्रणा ओळखत होती, तीच आज छतावरच्या डब्यामागे बसून तुमचा फोन ओळखते. पायाभूत कामं अशी टिकतात. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

ओळख पटली की सर्व्हर आणि फोन यांच्यात जी गुप्त किल्ली तयार झालेली असते, ती सर्व्हर ॲक्सेस पॉइंटला देतो आणि तिच्यावरून पुढची किल्ली बनते. प्रत्येक माणसाची वेगळी, प्रत्येक वेळची वेगळी. एकाच बाकावर शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना एकमेकांचं काही वाचता येत नाही. सर्व्हर उत्तराबरोबर आणखी एक गोष्ट सांगू शकतो, की हा माणूस लेखा विभागाचा, याला त्या विभागाच्या नेटवर्कमध्ये टाका. ही विद्यार्थिनी, हिला ग्रंथालयाच्या. वायफायचं नाव एकच, आत वाटा वेगळ्या. आणि माणूस नोकरी सोडून गेला की एका नोंदीवर रेघ मारायची. बाकी कुणाला काही कळतही नाही.

इथपर्यंत सगळे नीट येतात. पुढचं पाऊल चुकतं, आणि तेच पाऊल मला आज तुमच्यापुढे सविस्तर ठेवायचं आहे.

बहुतेक संस्थांत पीईएपी नावाची पद्धत वापरतात. तिच्यात फोन आणि रेडियस सर्व्हर यांच्यात आधी एक कूटबद्ध बोगदा तयार होतो आणि मग त्या बोगद्यातून तुमचं नाव नि पासवर्डाचा पुरावा जातो. बोगदा बांधताना सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पुढे करतो. मी अमुक संस्थेचा सर्व्हर आहे, हा माझा पुरावा, असं तो सांगतो. फोननं ते प्रमाणपत्र तपासायचं असतं. माणसानं नेटवर्कला ओळख द्यायच्या आधी नेटवर्कनं माणसाला ओळख द्यायची, असा हा क्रम आहे आणि तो विचारपूर्वक ठरवलेला आहे.

फोननं ते तपासलं नाही तर काय होतं? कुणीही पिशवीत एक छोटा ॲक्सेस पॉइंट घेऊन तुमच्या फाटकाबाहेर बसतो. त्याला तुमच्याच वायफायचं नाव देतो. नावावर कुणाची मालकी नसते. तुमचा फोन खिशातल्या खिशात त्याच्याशी जोडायला जातो, कारण नाव ओळखीचं आणि सिग्नल जोरकस. तो खोटा सर्व्हर खोटं प्रमाणपत्र पुढे करतो, फोन ते न बघता बोगदा बांधतो, आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला चोर बसलेला असतो. तुम्ही एकही बटण दाबलेलं नसतं.

आता, पीईएपीच्या बोगद्यात पासवर्ड जसाच्या तसा जात नाही, एमएस-चॅप-२ या पद्धतीनं त्याचा पुरावा जातो, असं समाधान पूर्वी सांगितलं जायचं. २०१२ च्या डेफकॉन या सुरक्षा परिषदेत संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी ते समाधान काढून घेतलं. पुरावा बनवायला डेस या जुन्या कूटलेखनाच्या तीन किल्ल्या वापरल्या जातात, पण तिसरीत खरे बाइट दोनच आणि उरलेल्या दोघी एकाच मजकुरावर चालतात. त्यामुळे सगळं कोडं एका ५६ बिटांच्या डेस किल्लीएवढं उरतं. त्यांनी बनवलेलं यंत्र पासवर्ड कितीही लांब, कितीही अवघड असला तरी एका दिवसाच्या आत त्याचा मूळ ठसा काढून देत होतं. त्या ठशावर नेटवर्कमध्ये शिरता येतं. म्हणजे बोगदा खोट्याशी बांधला गेला की आतलं काही राखलं जात नाही. सगळा भार प्रमाणपत्र तपासण्यावर आहे.

ही भीती पुस्तकी नाही. एप्रिल २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात, रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या मुख्यालयाला लागून असलेल्या हॉटेलच्या आवारात एक भाड्याची गाडी उभी होती. तिच्या मागच्या भागात अँटेना, बॅटरी आणि वायफायची उपकरणं मांडलेली होती, अँटेनाचं तोंड संघटनेच्या इमारतीकडे. डच गुप्तचरांनी रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या चार जणांना पकडून परत पाठवलं आणि ४ ऑक्टोबरला सगळं छायाचित्रांसह जाहीर केलं. त्याच दिवशी अमेरिकेनं दाखल केलेल्या आरोपपत्रात आधीच्या मोहिमांचाही उल्लेख होता. सप्टेंबर २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं उत्तेजकविरोधी परिषदेला आलेल्या अधिकाऱ्यांच्या हॉटेलचं वायफाय लक्ष्य केल्याचं त्यात म्हटलं आहे. एका महासत्तेचं लष्कर माणसं विमानानं पाठवून जे करू पाहत होतं, त्याची लहान आवृत्ती आज एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर करता येते.

आणि आपल्या संस्था काय करतात? एका संस्थेच्या सूचनाफलकावर वायफाय जोडायची छापील कृती मी वाचली. पायरी तिसरी: सीए सर्टिफिकेट या रकान्यात ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडा. म्हणजे तपासू नका. ते पत्रक संस्थेनं स्वतः काढलेलं होतं. जी संस्था विद्यार्थ्यांना अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका म्हणून चर्चासत्रं घेते, तीच त्यांना सांगते की आमच्या दारात मात्र आम्ही कोण हे विचारू नका. हे वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण आळस तंत्रविभागाचा आणि जोखीम विद्यार्थ्याची, असा हा व्यवहार आहे. बऱ्याच ठिकाणी वायफायचा पासवर्ड हाच ईमेलचा, हाच निकालाचा, हाच पगारपत्रकाचा असतो. डिसेंबर २०२० च्या सुमारास अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीतून तो पर्याय निघायला लागला तेव्हा अनेक महाविद्यालयांत फोन जोडले जाईनात. तंत्रविभागांनी गूगलला दोष दिला. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विद्यार्थ्याची बाजू घेतली.

नीट करायचं तर काय करायचं ते सांगतो. रेडियस सर्व्हरला प्रमाणपत्र द्यायचं आणि प्रत्येक फोनला दोन गोष्टी सांगायच्या: हे प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं असलं पाहिजे आणि त्यावर सर्व्हरचं नाव काय असलं पाहिजे. दोन्ही लागतात. नुसती सही तपासली, आणि सही एखाद्या सार्वजनिक प्रमाणन संस्थेची असली, तर त्याच संस्थेकडून स्वतःच्या भलत्याच नावाचं प्रमाणपत्र रीतसर घेतलेला चोरही आत बसतो. म्हणून नावाचा रकाना मोकळा सोडायचा नाही.

माझं मत असं की संस्थेनं वायफायसाठी स्वतःची खासगी प्रमाणन व्यवस्था उभारावी. सार्वजनिक प्रमाणपत्रांची मुदत सतत घटते आहे. ती २०२० पासून ३९८ दिवसांवर होती आणि या प्रमाणपत्रांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक मंडळाच्या २०२५ च्या ठरावानुसार २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार. वेबसाइटसाठी ते चांगलंच आहे, पण दर दीड महिन्यानं शेकडो फोनना गोंधळात टाकणं परवडणारं नाही. स्वतःची व्यवस्था म्हणजे फार मोठं काही नसतं. नेटवर्कला न जोडलेला एक संगणक, त्यावर मूळ किल्ली, आणि ती उघडण्याची ठरलेली शिस्त. फोनमधली मांडणी माणसाकडून हातानं करून घ्यायची नाही. तयार प्रोफाइल द्यायचं, ते एकदा बसवलं की सही, नाव, पद्धत सगळं आपोआप भरलं जातं. हातानं करायला सांगितलं की लोक चुकणार, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

याहून पुढची पायरी पासवर्डच काढून टाकण्याची. ईएपी-टीएलएस या पद्धतीत सर्व्हरकडे जसं प्रमाणपत्र असतं तसंच प्रत्येक उपकरणाकडेही असतं. दोघं एकमेकांना आपापला पुरावा दाखवतात, चोरण्यासारखा पासवर्ड वाटेत येतच नाही. प्रमाणपत्रामागची खासगी किल्ली लॅपटॉपच्या सुरक्षा चिपमध्ये ठेवता येते, तिथून तिची नक्कल काढता येत नाही. लॅपटॉप हरवला तर त्याचं एक प्रमाणपत्र रद्द करायचं, माणसाचं ईमेल नि बाकी सगळं चालू राहतं. ही पद्धत १९९९ पासून लिहून ठेवलेली आहे. किमती सॉफ्टवेअर लागतं म्हणून परवडत नाही, हे कारण टिकत नाही. फ्रीरेडियस हा त्याच वर्षी सुरू झालेला मुक्त सर्व्हर जगभरच्या विद्यापीठांत चालतो. साधे दोन संगणक पुरतात. एक बंद पडला तर दुसरा. खरा खर्च कष्टांचा आहे. प्रमाणपत्रं द्यावी लागतात, वेळेवर बदलावी लागतात, आणि ते काम ज्याच्याकडे आहे त्याला त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

ॲक्सेस पॉइंट आणि रेडियस यांच्यातल्या वाटेकडेही लक्ष हवं. तिथं जुनी एमडी-५ पद्धत आजही आहे. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला तडा गेल्याचं दाखवलं होतं. वीस वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, ‘ब्लास्ट-रेडियस’ या नावानं तो तडा रेडियसपर्यंत पोचला. वाटेत बसलेला माणूस सर्व्हरचा नकार होकारात बदलू शकतो हे संशोधकांनी करून दाखवलं. वायफायवर ओळख पटवणाऱ्या ईएपी संदेशांना एक वेगळी सही सक्तीची असल्यामुळे ते वाचले. पण त्याच सर्व्हरवर बाकी साधी लॉगिनं होत असतील तर ती सही तिथंही सक्तीची करा. दूरच्या शाखेचा ॲक्सेस पॉइंट मुख्यालयाच्या रेडियसशी बोलत असेल, तर तो संवाद टीएलएस या कूटलेखनाच्या आवरणातूनच जाऊ द्या.

आता ज्यांना हे काहीच जमत नाही त्यांच्याविषयी. जुना प्रिंटर, प्रोजेक्टर, हजेरीचं यंत्र, कॅमेरा, रुग्णालयातलं एखादं मॉनिटर. यांच्यातल्या पुष्कळांना ८०२.१एक्स ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्यातही गमतीच्या अडचणी निघतात. आत घड्याळाची बॅटरी नसली तर वीज गेली की ते यंत्र स्वतःला १९७० सालात समजतं आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही म्हणून नाकारतं. हे कळेपर्यंत अख्खा दिवस जातो. अशा यंत्रांना मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कसाठी यंत्राला मिळालेल्या क्रमांकावरून, ओळखायची प्रथा आहे. मॅक पत्ता हवेत उघडा फिरतो आणि कुणालाही तो धारण करता येतो, त्यामुळे तिला ओळख म्हणू नये. ही यंत्रं वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवा, प्रत्येकाला स्वतःचा वेगळा पासवर्ड द्या, आणि त्यांना ज्या एका सर्व्हरशी बोलायचं त्याच्यापलीकडे कुठंही जाऊ देऊ नका. पुढची खरेदी करताना निविदेत एक ओळ घाला, की उपकरण ८०२.१एक्स आणि प्रमाणपत्रं हाताळणारं असावं. रुग्णालयांच्या विश्वस्तांना मी हात जोडून सांगतो, ही ओळ खरेदी समितीत तुम्हीच घालू शकता. तंत्रज्ञाचं तिथं कुणी ऐकत नाही.

या सगळ्याचं मला सर्वांत लोभस वाटणारं रूप म्हणजे एज्युरोम. २००२ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्कमधल्या क्लास विरेंगा यांनी एक प्रस्ताव मांडला. विद्यापीठांकडे रेडियस आहेच, मग ते एकमेकांना का जोडू नयेत? आज शंभरावर देशांत ते चालतं, भारतात अर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क ते चालवतं. आपल्याकडचा संशोधक सहभागी संस्थेतून ॲमस्टरडॅमला गेला तर त्याचा लॅपटॉप तिथल्या आवारात आपोआप जोडला जातो. नावातला @ नंतरचा भाग वाचून तिथला सर्व्हर विनंती भारताकडे पाठवतो, आणि बोगदा थेट लॅपटॉप आणि त्याच्या घरच्या सर्व्हरमध्ये बांधला जातो. यजमान विद्यापीठाला पासवर्ड दिसत नाही. मांडणी नीट केली असेल तर त्याला नावही दिसत नाही, एवढंच कळतं की हा अमुक संस्थेचा माणूस आणि ती संस्था त्याची हमी घेते. काही गैर घडलंच तर यजमान त्या संस्थेला वेळ नि नोंद कळवतो, आणि माणूस कोण हे घरची संस्था आपल्या दप्तरातून काढते.

सानपाडा, माटुंगा, चेंबूर इथं जे नव्हतं ते यात आहे. आणि त्यानंतर आपण सार्वजनिक वायफायवर जे आणलं, त्याहून हे फार वेगळं आहे. स्थानकांवर, चहाच्या दुकानांत आपण मोबाइल नंबर देतो, ओटीपी टाकतो आणि जोडले जातो. नंबर प्रत्येक दुकानदाराच्या यादीत जातो. समोरचं नेटवर्क खरं की खोटं याचा आपल्याला कसलाही पुरावा मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी हवेतून जाणारा मजकूर कूटबद्धही नसतो. माणसाची ओळख घेतली, बदल्यात काहीच दिलं नाही. सुरक्षेच्या नावाखाली आपण याला सरावलो आहोत, आणि हे मला अतिशय खटकतं.

नोंदींबाबत दोन शब्द. रेडियस प्रत्येक प्रवेशाची नोंद ठेवतो: कोण, कधी, कोणत्या ॲक्सेस पॉइंटवरून. म्हणजे कोणती विद्यार्थिनी रात्री किती वाजता ग्रंथालयात होती, हेही त्यातून निघतं. सर्ट-इन या संगणक सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की काम संपल्यावर माहिती पुसली पाहिजे. दोन्ही एकत्र पाळता येतात. नोंदी उघडण्याचा अधिकार दोनच माणसांना, प्रत्येक वेळी लेखी कारणासह. मुदत संपली की नष्ट. हजेरी मोजायला, कुणावर नजर ठेवायला या नोंदी वापरणार नाही, असा ठराव विश्वस्त मंडळानं करावा आणि तो फलकावर लावावा.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कर्मचाऱ्यांपासून करा, विद्यार्थी नंतर. संस्थेच्या मालकीचे लॅपटॉप आधी प्रमाणपत्रावर न्या, कारण ते तुमच्या ताब्यात आहेत. लोकांच्या खासगी फोनसाठी सुरुवातीला पीईएपी चालेल, मात्र प्रोफाइलसह आणि सर्व्हरचं नाव बांधून. नोकरी सोडणाऱ्याच्या ना-हरकत दाखल्यावर ग्रंथालय आणि लेखा विभागाच्या सहीखाली नेटवर्क विभागाचीही एक सही वाढवा. जुनं सामाईक वायफाय बंद करायची तारीख आधी जाहीर करा आणि ती पाळा, नाहीतर ते कधीच बंद होत नाही.

आणि एक काम कुणीच करत नाही, ते आवर्जून सांगतो. खासगी प्रमाणन व्यवस्थेचं मूळ प्रमाणपत्र साधारण दहा ते वीस वर्षांचं काढतात. ते काढणारा माणूस तेवढी वर्षं त्या खुर्चीत नसतो. मग एके दिवशी मुदत संपते, सकाळी सगळी संस्था एकदम नेटवर्कबाहेर पडते आणि किल्ली कुठं आहे हे कुणाला ठाऊक नसतं. मुदतीची तारीख, किल्लीच्या दोन प्रती कोणत्या तिजोरीत आहेत, त्या उघडायला कोणत्या दोन पदाधिकाऱ्यांनी हजर असायला हवं, हे विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात लिहा, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख लिहिता तसंच. ते पान दर वर्षी वार्षिक सभेत वाचायचं, आणि पदाधिकारी बदलले असतील तर त्याच सभेत नवी नावं घालायची.